शालेय निवासी शिबिर आणि मधल्या वेळेचा बंदोबस्त

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्या, की भंडारदरा, मुळशी, पाचगणी, कोलाड अशा ठिकाणच्या साहसशिबिरांची माहितीपत्रके मुख्याध्यापकांच्या टेबलावर येऊन पडू लागतात. आणि ज्या शाळेला प्रयोगशाळेतील एक मोडके स्टूल बदलून घेण्यासाठी वर्षभर पत्रव्यवहार करावा लागतो, तीच शाळा सहावी-सातवीच्या साठ-सत्तर मुलांना दोन-तीन रात्री परक्या छपराखाली ठेवण्याचा निर्णय कित्येकदा एका रंगीत पत्रकाच्या आणि एका दूरध्वनीच्या बळावर घेऊन मोकळी होते. पत्रकावर चित्रे असतात ती दोरावरून कडा उतरणाऱ्या, तारेवरून दरी ओलांडणाऱ्या, दोरखंडाच्या पुलावर डोलणाऱ्या हसऱ्या मुलांची. वास्तविक शिबिराच्या चोवीस तासांपैकी या खेळांच्या वाट्याला पाच-सहा तासच येतात, आणि त्या तासांत मुलाच्या डोक्यावर हेल्मेट, कमरेला हार्नेस, जोडीला सुरक्षेचा दुसरा दोर आणि समोर प्रशिक्षक असतो. उरलेल्या अठरा तासांत, म्हणजे न्याहारी आणि पहिला खेळ यांच्या मधल्या अर्ध्या तासात, संध्याकाळी तळ्याच्या काठी, न्हाणीघराच्या रांगेत आणि रात्री दोन वाजता तंबूत, यांपैकी काहीही नसते. तेथे असतात ते शाळेचे शिक्षक, आणि तेही दिवसभराच्या दगदगीने दमलेले. शिबिरातील धोका मुख्यतः या मधल्या वेळेत असतो आणि शिबिराचे शिक्षणही बहुतांशी याच वेळेत घडते, असे माझे मत आहे. सबब मुलांना नेणाऱ्या शिक्षकांसाठी आणि पाठवणाऱ्या पालकांसाठी पुढे जे लिहिले आहे, त्यात खेळांपेक्षा या मधल्या वेळेच्या तजविजीलाच अधिक जागा दिली आहे.

असल्या शिबिरांचा उगम पाहिला तरी हेच दिसते. दुसऱ्या महायुद्धात जहाजे बुडू लागली, तेव्हा जीवरक्षक होड्यांत उतरलेल्यांपैकी धट्टेकट्टे तरुण खलाशी लवकर धीर सोडतात आणि मुरलेले वयस्क खलाशी मात्र तग धरतात, असे ब्रिटिश जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांना वाटू लागले; आणि जर्मनी सोडून स्कॉटलंडमध्ये शाळा काढलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या साहाय्याने १९४१ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर ॲबरडोवी येथे तरुणांसाठी सुमारे महिनाभराचा एक अभ्यासक्रम सुरू झाला. आज जगभर पसरलेल्या ‘आउटवर्ड बाउंड’ संस्थेची ती सुरुवात होय. आपल्याकडे दार्जिलिंगची हिमालयीन गिर्यारोहण संस्था १९५४ मध्ये आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली, आणि त्यांतून शिकून आलेल्या मंडळींनी सह्याद्रीतील शिबिरांचा पाया घातला. या साऱ्या उद्योगात डोंगर, दोर आणि होडी ही साधने होती. साध्य होते ते गैरसोयीत तगून राहण्याचे आणि सोबत्याला सांभाळून घेण्याचे. महिन्याचे तीन दिवस झाले तेव्हा साधने तेवढी शिल्लक राहिली आणि साध्याला वेळापत्रकात जागा उरली नाही. ती जागा करून देणे हे शाळेचे काम आहे, केंद्रचालकाचे नव्हे. तो बिचारा ठरलेल्या पैशांत ठरलेले खेळ देणार.

आता केंद्राच्या निवडीविषयी. जो शिक्षक मुलांबरोबर जाणार आहे, त्यानेच महिना-दीड महिना आधी प्रत्यक्ष जागी जाऊन एक रात्र काढावी. संस्थेच्या कार्यवाहांनी मोटारीतून जाऊन चहा घेऊन परत येणे ही पूर्वपाहणी नव्हे. दिवसा सगळीच केंद्रे रमणीय दिसतात. रात्री दिवे गेल्यावर शौचालयापर्यंतची वाट कशी आहे, विजेची पर्यायी सोय आहे काय, तळ्याला किंवा पोहण्याच्या हौदाला कुंपण आणि कुलूप आहे काय, मुलींच्या निवाऱ्याच्या दाराला आतून चालणारी कडी आहे काय, केंद्राचे नोकर कोठे निजतात आणि रात्री आवारात कोणकोण वावरते, हे सारे अंधार पडल्यावरच कळते. स्वयंपाकघरात जावे, पिण्याचे पाणी कोठून येते आणि टाकी अखेर कधी धुतली, हे आचाऱ्यालाच विचारावे. साहित्याच्या खोलीत जाऊन दोर आणि हार्नेस केव्हा विकत घेतले याची नोंदवही मागावी, कारण नायलॉनचा दोर वापराने झिजतो तसाच उन्हाने आणि वयानेही दुर्बळ होतो, आणि ज्या केंद्रात दोराची जन्मतारीख कोणालाच सांगता येत नाही, तेथे पुढचे प्रश्न विचारण्याची तसदी न घेता परतावे हे उत्तम. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीचे बंधन घातले आहे. त्या नोंदणीचा दाखला पाहावा, पण केवळ दाखल्यावर विसंबू नये.

दाखल्यापेक्षा अधिक माहिती मिळते ती प्रशिक्षकांकडून. त्यांच्यातील कायमचे किती आणि हंगामापुरते आणलेले महाविद्यालयीन तरुण किती, गिर्यारोहणाचा मूलभूत अभ्यासक्रम कोणी पुरा केला आहे, प्रथमोपचाराचे शिक्षण कोणाला आहे, हे मालकाच्या समोर न विचारता चहाच्या निमित्ताने बाजूला बसून विचारावे. अशी विचारपूस का हवी, ते एका जुन्या दुर्घटनेवरून दिसते. १९९३ च्या मार्च महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम उपसागरात एका खाजगी साहसकेंद्रातून कयाक होड्या घेऊन आठ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक निघाले. वाऱ्याने ते खोल समुद्रात ओढले गेले, दुपारी परतायची मंडळी परतली नाहीत तरी मदत पोहोचण्यास कित्येक तासांचा विलंब झाला, आणि चार विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्याच केंद्रात आधी काम करणाऱ्या प्रशिक्षकांनी सुरक्षिततेच्या ढिलाईविषयी चालकाला लेखी इशारा दिला होता, हे नंतर उघड झाले. चालकाला तुरुंगवास घडला आणि १९९५ मध्ये ब्रिटिश संसदेने मुलांसाठीच्या साहसकेंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. म्हणजे धोक्याची खबर केंद्रातच होती. ती माहीत असलेल्या माणसाला विचारणारे मात्र बाहेरून कोणी आले नाही.

ऋतूची निवड सोपी आहे. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट पावसाळ्यात शेवाळून जातो आणि ऑक्टोबरपर्यंत ओघळांच्या जागी निसरडाच राहतो, गवत कमरेएवढे असते व त्यात पाय कोठे पडतो ते दिसत नाही; फेब्रुवारी सरल्यावर ऊन चढते. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ मुलांना घेऊन जाण्यास योग्य. धबधब्यांच्या आणि काजव्यांच्या मोहाने जूनमध्ये शाळा नेणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार.

परवानगीची कागदपत्रे वेळेत करावीत: शिक्षणाधिकारी कार्यालयाची मंजुरी, शाळा समितीचा ठराव, प्रत्येक पालकाचे सहीचे संमतिपत्र. या संमतिपत्राबद्दल एक गैरसमज रूढ आहे तो असा, की ‘अपघात झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’ असे एक वाक्य छापून घेतले की शाळा सुटली. असल्या वाक्याने शिक्षकाचे कर्तव्य माफ होत नाही. पालकाचा विश्वास मात्र पहिल्याच कागदावर कमी होतो. त्याऐवजी कोणते खेळ होणार, पाण्यात उतरणे आहे की नाही, कोणते शिक्षक सोबत आहेत, हे स्पष्ट लिहून त्यावर संमती घ्यावी. प्रवासासाठी राज्य परिवहन महामंडळाची गाडी प्रासंगिक करारावर घ्यावी. शैक्षणिक सहलींना भाड्यात निम्मी सवलत मिळते, आणि खाजगी आरामगाड्यांतील रंगीत दिव्यांवाचून मुलांचे काही अडत नाही. रात्रीचा प्रवास मात्र कोणत्याही सबबीवर करू नये. घाटातून उजेडात उतरता यावे एवढ्यासाठी शेवटच्या दिवसाचा शेवटचा खेळ रद्द करावा लागला, तरी तो बेलाशक रद्द करावा.

पालकांकडून माहिती मागवण्याच्या पत्रकावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मधल्या वेळेतील निम्म्या अडचणी याच कागदावर सुटतात किंवा अडकतात. ‘काही आजार आहे काय?’ असा मोघम प्रश्न विचारला, की उत्तर येते ‘नाही’. दमा आहे काय, फीट येते काय, कोणते औषध रोज चालू आहे, कशाची ॲलर्जी आहे, झोपेत चालण्याची सवय आहे काय, अंथरूण ओले होते काय, असे एकेक करून विचारावे आणि हा कागद वर्गात गोळा न करता बंद पाकिटात मागवावा. अंथरुणाच्या भीतीने शिबिराला न येणारी मुले प्रत्येक वर्गात असतात आणि ती दुसरेच कारण सांगतात. त्यांच्या पालकांशी एकांतात बोलून, शिक्षक स्वतः निजण्यापूर्वी आणि पहाटे मुलाला हळूच उठवतील व जादा चादर शिक्षकांच्याच सामानात असेल एवढे आश्वासन दिले, तर ते मूल येते. मुलींच्या पाळीविषयी सोबत जाणाऱ्या बाईंनी निघण्यापूर्वी मुलींची स्वतंत्र सभा घेऊन मोकळेपणाने बोलावे, पॅड कोणाकडे मिळतील आणि वापरलेले कोठे टाकायचे हे आधीच सांगावे, आणि ज्या मुलींना अद्याप पाळी आलेली नाही त्यांनाही त्या सभेत बसवावे, कारण ती पहिल्यांदा शिबिरातही येऊ शकते.

औषधांचा डबा एका शिक्षकाच्या ताब्यात असावा व प्रत्येक पुडीवर मुलाचे नाव आणि वेळ असावी. याला अपवाद दम्याच्या पंपाचा. तो मुलाच्याच खिशात राहिला पाहिजे, कारण कड्याच्या पायथ्याशी धाप लागलेल्या मुलाला मुक्कामावरच्या कपाटातील पंपाचा काय उपयोग? अन्नाच्या बाबतीत आपल्याकडील एक विशेष गोष्ट ध्यानात ठेवावी. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला साबुदाण्याची खिचडी वर्ज्य आहे हे कोणालाही समजते. पण कूट कोशिंबिरीत असतो, भरल्या वांग्यात असतो, आमटीत असतो, चटणीत तर असतोच, आणि आचाऱ्याला ‘दाणे घातलेत का?’ असे विचारले तर अख्खे दाणे न घातल्यामुळे तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. म्हणून ‘कूट’ आणि ‘शेंगदाण्याचे तेल’ हे दोन्ही शब्द उच्चारून विचारावे, आणि त्या मुलाचे ताट पहिल्या पंगतीपासून वेगळे वाढण्याची व्यवस्था करावी.

शुल्काचा प्रश्न नाजूक आहे. वर्गातील चार-पाच मुले ‘आमच्याकडे लग्न आहे’ म्हणून नावे देत नाहीत. एवढी लग्ने एका आठवड्यात नसतात. शाळेने शिल्लक निधीतून किंवा माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून या मुलांची रक्कम भरावी, आणि ती भरली हे मुख्याध्यापक व लेखनिक यांखेरीज कोणालाही कळू देऊ नये. सामानाची यादीही अशीच बेताची असावी: वापरून मऊ झालेले बूट, मोज्यांचे जोड, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, एक स्वेटर, टोपी, पांघरूण, विजेरी, पाण्याची बाटली. डिसेंबरात भंडारदऱ्याच्या बाजूला पहाटेचे तापमान दहा अंशांच्या खाली जाते, हे मुंबईच्या पालकांना दोनदा सांगावे लागते. भिजली की जड होणारी आणि लवकर न वाळणारी जीन्स घरीच ठेवावी. नवे बूट मुद्दाम शिबिरासाठी घेऊ नयेत. टाचेवरचे फोड हे शिबिरातील सर्वांत सामान्य दुखणे होय.

मुक्कामी पोहोचल्यावर मुलांना लगेच खेळाकडे सोडण्याचा मोह आवरावा. पहिला तास हद्द दाखवण्यासाठी राखून ठेवावा, आणि ती तोंडाने न सांगता सर्वांना घेऊन चालत दाखवावी: या आंब्यापलीकडे जायचे नाही, या पायरीखाली उतरायचे नाही, शिट्टी झाली की येथे जमायचे, रात्री शिक्षक या खोलीत असतात. मुलांच्या जोड्या लावून द्याव्यात आणि शिबिर संपेपर्यंत त्या बदलू नयेत. जोडीदार दिसला नाही तर शिक्षकांना सांगणे ही चहाडी नाही, हे आरंभीच समजावून द्यावे. दहा मुलांमागे एक शिक्षक असावा, आणि ती दहा मुले कोणती हे त्याला नावानिशी पाठ असावे. गणती गाडीत चढताना सगळेच करतात. ती पाण्यापासून निघताना, जेवणाच्या आधी, शेकोटीवरून उठताना आणि निजल्यावरही झाली पाहिजे, आणि दरवेळी दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे केली पाहिजे; आकडा जुळला नाही तर ‘असेल इकडेतिकडे’ हे शब्द कोणाच्याही तोंडून निघता कामा नयेत.

सर्वांत कडक शिस्त हवी ती पाण्याची. सहलींच्या दुर्घटनांचा आपला अलीकडचा इतिहास पाहिला, तर त्यातील मोठ्या घटना पाण्याच्याच आहेत आणि बहुतेक ठिकाणी पाणी वरवर शांत होते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात मंडीजवळ बियास नदीच्या पात्रातील दगडांवर छायाचित्रे काढणाऱ्या हैदराबादच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांवर वरच्या लारजी धरणातून सोडलेल्या पाण्याचा लोंढा आला आणि त्यांतील २४ जण वाहून गेले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. क्षमतेहून अधिक माणसे बसवलेली, पुष्कळांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नाही, १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. या तीन घटनांतून तीन नियम निघतात. ज्या नदीवर वरच्या अंगाला धरण किंवा वीजगृह आहे, तिच्या कोरड्या पात्रातही उतरू नये; कोलाडला कुंडलिकेवर तराफ्यांचा जो खेळ चालतो, तो भिऱ्याच्या जलविद्युत् केंद्रातून येणाऱ्या पाण्यावरच चालतो आणि सकाळी गुडघाभर असलेले पात्र थोड्याच वेळात भरून वाहते. जाकीट होडीत चढण्यापूर्वी अंगात असावे आणि त्याचा प्रत्येक पट्टा शिक्षकाने स्वतः ओढून पाहावा. आणि कार्यक्रमपत्रिकेत जे पाणी नाही, त्यात पाय धुण्यासाठीसुद्धा कोणी उतरू नये. हा तिसरा नियम मोडतो तो हटकून मधल्या वेळेत, म्हणजे खेळ लवकर आटोपल्यामुळे मिळालेल्या मोकळ्या तासात, आणि पुष्कळदा शिक्षकांच्याच परवानगीने. गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या शिक्षकाचा धीटपणा येथे विशेष घातक ठरतो, कारण स्वतःला पोहता येणे आणि बुडणाऱ्या सातवीतल्या मुलाला बाहेर काढता येणे यांत फार अंतर आहे.

दोरावरच्या खेळांत शिक्षकाने प्रशिक्षकाच्या कामात लुडबूड करू नये. पण बघ्याचीही भूमिका घेऊ नये. हार्नेसची पट्टी उलटून अडकवली आहे काय, कॅराबिनरच्या कडीचे तोंड बंद आहे काय, रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, मुख्य दोराखेरीज बिलेचा, म्हणजे सुरक्षेचा, दोर वेगळ्या अँकरला बांधला आहे काय, हे दहा मिनिटांत शिकून घेता येते आणि नंतर प्रत्येक मुलाच्या वेळी पाहता येते. खरे काम पुढेच आहे. कड्याच्या काठाशी येऊन एखादे मूल ‘मला नाही उतरायचे’ म्हणते, मागची रांग ओरडू लागते, कोणी टोपणनावाने हाक मारते, आणि शिक्षकही उत्साहाच्या भरात ‘अरे, मुलीसुद्धा उतरल्या!’ असे बोलून जातात. या एका वाक्याने त्या मुलाचा आणि मुलींचा, दोघांचाही अपमान होतो. नकार देण्याची मुभा शिबिराच्या पहिल्या सभेतच सर्वांना द्यावी. नकार देणाऱ्याला एकदा, फार तर दोनदा, शांतपणे विचारावे. आणि तरीही नको म्हणाला, तर उतरणाऱ्यांची नावे लिहिण्याचे किंवा खाली आलेल्यांची हेल्मेटे गोळा करण्याचे काम देऊन त्याला मंडळीतच ठेवावे. दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन रांगेत येतो असा माझा अनुभव आहे; न आला तरी काही बिघडत नाही. चालण्याची किंवा दृष्टीची अडचण असलेल्या मुलाला ‘तू बस इथे’ म्हणण्यापूर्वी काय करता येईल हे प्रशिक्षकाशी आधीच ठरवावे. चांगल्या केंद्रात बरेच काही करता येते.

दंशाविषयी थोडक्यात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप आपल्या डोंगरांत आहेत, आणि चौघांवरही चालणारे प्रतिविष आपल्याकडे तयार होते. मात्र ते प्रत्येक दवाखान्यात हजर असतेच असे नाही. निघण्यापूर्वी मुक्कामाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात दूरध्वनी करून प्रतिविष कोठे आहे याची खातरजमा करावी, ते अंतर गाडीने किती मिनिटांचे आहे हे पूर्वपाहणीच्या वेळी मोजावे, आणि मुलांच्या मुक्कामात एक वाहन चालकासह रात्रंदिवस आवारात उभे ठेवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावीच, पण डोंगरातल्या वाटांवर तिची वाट पाहत बसण्यापेक्षा निम्म्या रस्त्यात तिला गाठणे श्रेयस्कर. चावा घेतलेला अवयव हलू देऊ नये, पट्टी करकचून आवळू नये, चिरू नये, चोखू नये, मांत्रिकाकडे तर नेऊच नये. विंचवाच्या बाबतीत महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाच्या उपयोगावर केलेल्या कामामुळे कोकणातील मृत्यू फार घटले. पण ते औषधही वेळेत पोहोचणाऱ्यालाच लाभते. बूट रोज सकाळी झटकून घालायचे, अंधारात विजेरीवाचून पाऊल टाकायचे नाही, दगड उचलायचे नाहीत, हे नियम मुले आनंदाने पाळतात, फक्त कारण सांगितले पाहिजे. किल्ल्यावर आग्या मोहोळ दिसले तर आरोळ्या, धूर आणि अत्तर तिन्ही वर्ज्य. माशा उठल्याच तर पळत दूर जाऊन डोके झाकावे, आणि कड्याची बाजू कोणती हे पळण्यापूर्वी ध्यानात असावे.

रात्र हा शिबिराचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. खेळ संपले, शेकोटी विझली, पोरे तंबूत गेली, की शिक्षकमंडळी सुटकेचा निःश्वास टाकून गप्पांना बसतात. नेमके त्याच वेळी तंबूत पहिल्यांदा घराबाहेर निजणारे एखादे मूल उशीत तोंड खुपसून रडत असते, आणि दुसऱ्या तंबूत चार दांडगट मुले पाचव्याची फजिती करण्याचे बेत आखत असतात. तंबूंची वाटणी मुलांच्या मर्जीवर सोडू नये. जिवलग मित्र एकत्र ठेवावेत, पण ज्याला कोणीच निवडले नाही त्याला उरलेल्या जागेत कोंबण्याऐवजी त्याची जागा सर्वांत आधी ठरवावी आणि बाकीची वाटणी त्याभोवती करावी. पहाऱ्याच्या पाळ्या लावून रात्रभर एक तरी शिक्षक जागा असावा आणि मुलींच्या बाजूला शिक्षिकाच असाव्यात. कोणीही मोठे माणूस, मग ते शाळेचे असो वा केंद्राचे, एकट्या मुलाबरोबर बंद जागेत राहणार नाही हा नियम लेखी करावा. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा शिक्षकांनी वाचलेला असावा आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक मुलांना पाठ असावा. हे लिहिताना कोणावर संशय घेण्याचा हेतू नाही. कुलूप लावणारा माणूस शेजाऱ्याला चोर म्हणत नसतो.

रडणाऱ्या मुलाला घरी फोन लावून देणे हा उपाय दिसतो सोपा. बहुधा त्याने रडे वाढते आणि आईही रात्रभर जागते. त्याला बाहेर आणून पाणी द्यावे, जवळ बसवावे, उद्या काय आहे ते सांगावे, आणि झोप येईपर्यंत बसू द्यावे. याच रात्रींत मुलांना आपला वर्गसोबती प्रथमच नीट दिसतो: वर्गात पहिला येणारा अंधाराला भितो, आणि नापासाचा शिक्का बसलेला मुलगा दोघांची पांघरुणे सारखी करून मग निजतो. शिक्षक जागा असेल तर त्यालाही हे दिसते, आणि पुढच्या वर्षभराच्या अध्यापनात त्याचा जो उपयोग होतो, तो कोणत्याही प्रशिक्षणवर्गातून मिळणारा नाही.

पालकांना दोन शब्द. मुलाजवळ मोबाइल देऊ नका. शाळेने रोज संध्याकाळी ठरल्या वेळी एका प्रतिनिधी पालकाला खुशाली कळवावी आणि त्याने ती सर्वांना पोहोचवावी, एवढे पुरे आहे. डोंगरात संपर्क मिळत नाही, तेव्हा निरोप उशिरा आला तर वाईट बातमीची कल्पना करू नका. निघताना ‘जपून रहा’ हे दहा वेळा म्हणण्यापेक्षा घरी आठवडाभर आधीपासून मुलाला स्वतःची पिशवी भरू द्या, अंथरूण घालू-काढू द्या, ताट धुऊ द्या. खाऊचा डबा सर्वांना वाटण्याइतका द्या किंवा देऊच नका. आणि मूल तापाने फणफणलेले असताना ‘पैसे भरलेत’ म्हणून गाडीत बसवू नका. ते पैसे परत मिळण्याची अट शाळेने केंद्राशी करारातच घालून घेतलेली असावी.

शिबिराहून आल्यावर शाळेत छायाचित्रांचे प्रदर्शन भरते आणि प्रकरण मिटते. त्याऐवजी चार दिवसांच्या आत सोबत गेलेल्या सर्व शिक्षकांनी एकत्र बसून थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची नोंद करावी: गणतीत कोण किती वेळ सापडले नाही, कोणत्या पायरीवर कोण घसरले, कोणत्या प्रशिक्षकाने दुसरा दोर न लावताच मुलाला उतरवायला घेतले होते. झालेल्या अपघाताची नोंद कायद्याने होते. न झालेल्याची कोणी ठेवत नाही, आणि पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला नेमकी तीच हवी असते. ही नोंद कोणाच्या कसुरीची कैफियत म्हणून मागवू नये, नाहीतर ती कोरी येईल. जमाखर्चाचा हिशेब फलकावर लावून उरलेली रक्कम पालकांना आठवड्याच्या आत परत करावी, केंद्रचालकाला उणिवा लेखी कळवाव्यात, आणि त्या पत्राची स्थळप्रत, नोंदीची वही व दवाखान्यांचे दूरध्वनी असा सारा दस्तऐवज सहलींच्या बासनात मुख्याध्यापकांच्या दफ्तरी ठेवावा. नेणारे शिक्षक बदलून दुसऱ्या शाळेत जातात, तेव्हा तो त्यांच्या घरच्या कपाटात राहता कामा नये.